पावती नसलेले मत

मराठी मंडळाच्या चाचणी मतदानाचा निकाल शुक्रवारी संध्याकाळी जाहीर झाला. एकशे एकाहत्तर सभासदांपैकी एकशे अठ्ठावन्न जणांनी घरबसल्या मोबाईलवरून मत दिले होते, आणि वार्षिक संमेलनाच्या नाश्त्यासाठी पोहे-जलेबीने साबुदाणा वड्यावर चौतीस मतांनी मात केली होती. एरवी कार्यकारिणीच्या निवडणुकीला सभागृहात जेमतेम साठ-सत्तर माणसे जमत. गुडघे दुखणारे जिना चढत नसत, पुण्या-बंगळुरूला नोकरीसाठी गेलेले येत नसत. त्यामुळे जबलपूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर त्या संध्याकाळी कौतुकाला भरते आले.

ही व्यवस्था तयार केली होती प्रणोती गावंडे हिने. ती अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवत असे. अमरावतीहून जबलपूरला येऊन तिला सहा वर्षे झाली होती, पण मतदार यादीतले तिचे नाव अजून अमरावतीतच होते. परीक्षांच्या कामामुळे दोन निवडणुका तिने नुसत्या बातम्यांत पाहिल्या होत्या. फोनवरून सुरक्षित मतदान होऊ शकेल का, हा प्रश्न तिच्यासाठी केवळ अभ्यासाचा नव्हता.

मत दिले की पडद्यावर एक हिरवी पावती येई: ‘आपले मत साबुदाणा वड्यास नोंदले गेले.’ आपले मत योग्य ठिकाणी पोचले याची मतदाराला खात्री पटावी, म्हणून तिने ती मुद्दाम ठेवली होती. मंडळाचे अध्यक्ष शालिग्राम पोफळी यांना पावती फारच आवडली. त्यांनी गटावर लिहिले, ‘शाई लावलेल्या बोटाचा फोटो टाकता, तशी प्रत्येकाने आपली पावती टाकावी.’ दोन तासांत शंभरावर पावत्या आल्या.

खरी निवडणूक तीन आठवड्यांवर होती. बारा वर्षे अध्यक्ष असलेल्या पोफळींच्या विरोधात या वेळी विनता टेंभेकर उभ्या होत्या. त्या बँकेत अधिकारी, दोन वर्षांपूर्वी बदलीने आलेल्या. आठवडाभर कुलूप लावलेले सभागृह बुधवारी संध्याकाळी उघडावे आणि तिथे मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभागृह समारंभांसाठी असते आणि मराठी घरी शिकायची असते, असे पोफळींचे म्हणणे होते.

रविवारी सकाळी पोफळींच्या पत्नी अनसूयाबाई प्रणोतीच्या खोलीवर आल्या. ती ओमती भागात एका चष्म्याच्या दुकानाच्या वर राहत असे.

“खाली चष्म्याची दांडी बसवायला टाकली,” त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. “अर्धा घंटा लागते म्हणाला. म्हटलं, तोवर तुझ्याकडे बसावं.”

“बसा न, काकू. तुमचं मत झालं का परवा?”

“झालं न. यांच्या फोनवर झालं. मंडळात माझ्या नावापुढे यांचाच नंबर आहे. यांनी विचारलं, काय देऊ? मी म्हटलं, वडा. तर म्हणाले, एका घरातून दोन वेगळे कशाला, आणि दाबले पोहे.”

प्रणोती हसली. अनसूयाबाई हसल्या नाहीत.

“नाश्त्याचं ठीक आहे, बेटा. अध्यक्षाचं काय करू?”

अनसूयाबाईंनी दाराकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणला.

“मला विनताला द्यायचं आहे. आमची दुर्वा आहे न, नात. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. समजते सगळं, पण बोलायला लाजते. तिच्यासोबत चार पोरं असली तर बोलेल. यांना सांगितलं तर म्हणतात, घरी तू आहेस न. मी एकटी तिला किती पुरणार?”

“काकांना कळलं तर रागावतील?”

“रागावले तर परवडते. वाईट वाटून घेतील. चव्वेचाळीस वर्षं झाली, मला ते चेहऱ्यावर समजते. मागच्या वेळी विरोधात एकोणीस मतं पडली. वर्षभर कागद घेऊन नावं काढून राहिले होते, कोण असतील हे एकोणीस. अठरा निघाली. एकोणिसावी समोर बसून शेंगा सोलून राहिली होती.” आता त्या थोड्या हसल्या. “पण तेव्हा टेबलावर पुठ्ठा उभा केला होता. त्याच्या आड मी एकटी होती. तुझ्या फोनमध्ये तो पुठ्ठा कुठे आहे?”

चार महिने प्रणोतीने घुसखोरांचा विचार केला होता. मत वाटेत कुणी बदलू नये, खोटा सभासद आत शिरू नये, सर्व्हर कुणी ताब्यात घेऊ नये. महाविद्यालयातल्या दोन सहकाऱ्यांना तिने आठवडाभर व्यवस्था फोडायला लावली होती आणि त्यांना ती फुटली नव्हती. बाहेरच्याला आत येण्याचा प्रत्येक दरवाजा बंद होता. त्याच सोफ्यावर शेजारी बसलेल्या माणसाचा विचार मात्र तिने केलाच नव्हता. शिवाय त्या माणसाला दाखवता येईल असा पुरावा तिने स्वतःच्या हाताने, हिरव्या रंगात, तयार करून दिला होता.

“तुमचा नंबर वेगळा करून देते, काकू. आजच.”

“आणि घरी विचारतील, काहून बदलला? मग काय सांगू?”

त्या चष्मा घेऊन गेल्यावर प्रणोतीने सभासदांची यादी उघडली. अठ्ठावन्न नावांपुढे दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर होता. नवऱ्याचा, मुलाचा, एका ठिकाणी तर शेजाऱ्याचा. एकट्या अनसूयाबाईंना आडोसा दिला, तर तो आडोसाच त्यांच्याकडे बोट दाखवणार होता. द्यायचा तर तो सर्वांना द्यावा लागणार होता.

बुधवारी मंडळाच्या कार्यालयात तिने दोन्ही उमेदवारांसमोर आपले म्हणणे मांडले. पावती बंद. मतदान पाच दिवस चालेल आणि मत कितीही वेळा देता येईल. शेवटचे तेवढे मोजले जाईल. दर वेळी पडद्यावर एकच वाक्य येईल, ‘मत मिळाले.’ प्रत्येक सभासदाने सभागृहात येऊन स्वतःचा नंबर नोंदवायचा. बाहेरगावचे व्हिडिओ कॉलवर नोंदवतील. ज्याच्याजवळ स्वतःचा फोन नाही, त्याने सभागृहात कागदावर मत द्यायचे.

“काहून?” पोफळी म्हणाले. “चांगली चालून राहिली होती न गोष्ट. विनताजींची मागणी आहे का ही?”

“मी कशाला मागू, काका?” विनता म्हणाल्या. “पावती राहिली असती तर माझ्या सासूबाई मला मत देतात की तुम्हाला, ते तरी समजलं असतं.”

“म्हणूनच काढायची आहे,” प्रणोती म्हणाली. “मी ज्याला मत दाखवू शकते, तो मला ते दाखवायला लावू शकतो.”

पोफळी संरक्षण कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झाले होते, आणि कुठल्याही वस्तूवर नुसत्या शब्दावरून विश्वास ठेवण्याची सवय त्यांना नव्हती.

“ठीक आहे. पण पावती नाही, तर माझं मत माझ्याच नावावर पडलं हे मी कशावरून मानायचं? तू सांगतेस म्हणून?”

“नाही, काका. माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच पडायला नको.” तिने कागदावर एक पाकीट काढले. “तुम्ही नाव निवडलं की फोन ते पाकिटात बंद करतो. मग विचारतो, टाकू की उघडू? उघड म्हणालात, तर दुसऱ्या कुणाच्या फोनवर ते पाकीट उघडून पाहायचं. ज्यानं बंद केलं त्यालाच विचारण्यात अर्थ नाही. आत निवडलेलंच नाव आहे का, ते दिसेल.”

“आणि ते उघडलेलं मत मोजायचं?”

“नाही. ते बाद. पुन्हा नवं द्यायचं.”

“पाकीट बंद करताना फोनला माहीत असते का, हे उघडणार की टाकणार?”

“नसतं. आधी बंद करतो, मग विचारतो.”

पोफळींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“अच्छा. हे तर आमचं प्रूफ झालं,” ते म्हणाले. “तीस वर्षं हेच केलं मी. लॉटमधून काही तोफगोळे काढायचे आणि रेंजवर डागायचे. डागलेला गोळा सगळं खरं सांगते, पण मग तो कामाचा राहत नाही. बाकीचे न डागता पास करायचे. त्यांची काही वेगळी पावती नसते.” मग त्यांनी एकदम विचारले, “पण नमुना कोण निवडते? बनवणाऱ्यानं निवडला तर प्रूफला अर्थ नाही.”

“ज्याचं त्यानं.”

“मग मंजूर. पण नंबर काहून वेगळे? घरात एक फोन चालते न.”

प्रणोतीने उलट विचारले, “दोन गोळ्यांवर एकच क्रमांक असता, तर तुम्ही ते पास केले असते का?”

“परत पाठवले असते,” पोफळी म्हणाले. “चलो, लिहा ठरावात.”

उठता उठता विनतांनी विचारले, “मग आमदार-खासदारही असेच निवडता येतील का गं एक दिवस?”

“आज विचाराल, तर मी नको म्हणेन,” प्रणोती म्हणाली. “इथं एकशे एकाहत्तर माणसं मी डोळ्यांनी पाहू शकते. देशात कुणाच्या फोनमध्ये काय शिरलंय, ते कोण तपासणार? आणि जिंकणाऱ्याला कुठलीही मोजणी पटते. हरणाऱ्याला पटली पाहिजे. पण कधीच होणार नाही, असं मी म्हणणार नाही. एकेक अडचण सुटते आहे.”

नंबर नोंदवण्यासाठी त्या रविवारी सभागृहात रांग लागली. पंचवीस-तीस बायकांच्या मध्ये अनसूयाबाई उभ्या होत्या. त्यांच्या मुलाने, यशने, दिलेला फोन पर्समध्ये होता. त्यावर त्या आजवर फक्त भजने ऐकत. त्यांनी आपला नंबर सांगितला, सही केली आणि मागच्या बाईला जागा करून दिली. कुणी काही विचारले नाही, कारण प्रत्येकीचे तेच काम होते.

मतदान सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पोफळींनी प्रणोतीला घमापूरच्या घरी बोलावले. त्यांनी अकरा पाकिटे यशच्या फोनवर उघडून पाहिली होती आणि वेळेसह वहीत नोंदली होती.

“अकराच्या अकरा बरोबर,” ते म्हणाले. “बारावं टाकलं.” मग त्यांनी आत हाक मारली, “ऐकलं का? फोन घेऊन ये. तुझंही होऊन जाऊ दे.”

अनसूयाबाई हात पुसत आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. प्रणोतीला उठून जावेसे वाटले, पण तेही दिसले असते. अनसूयाबाईंनी चष्मा सारखा केला, पडद्यावरची दोन्ही नावे वाचली आणि नवऱ्याच्या डोळ्यांदेखत त्यांच्या नावावर बोट ठेवले. ‘मत मिळाले,’ पडद्यावर आले.

“झालं,” पोफळी समाधानाने म्हणाले. वहीची दोरी बांधता बांधता ते थांबले. “हे बघ, रविवारी पाचपर्यंत बदलता येते बरं. जितक्या वेळा वाटेल तितक्या वेळा. नियम आहे, तुला माहीत असलेला बरा.”

“अच्छा,” अनसूयाबाई म्हणाल्या आणि फोन पदराखाली घेऊन चहा ठेवायला गेल्या.

रविवारी सहा वाजता सभागृहात मोजणी झाली. मतपेटी उघडण्याची किल्ली प्रणोतीने दोन भागांत केली होती. एक परवलीचा शब्द पोफळींना माहीत होता, एक विनतांना. दोघांनी आपापला शब्द भरला. कागदावरची सहा मते सर्वांसमोर मोजून त्यात मिळवली. एकूण मते एकशे त्रेसष्ट. पोफळी शहाऐंशी, टेंभेकर सत्त्याहत्तर.

टाळ्या वाजल्या, पण त्या उशिरा वाजल्या. पोफळींनी निकाल स्वतः वाचून दाखवला. आवाज स्थिर होता, मात्र सत्त्याहत्तर हा आकडा त्यांनी दोनदा वाचला.

लोक पांगल्यावर ते प्रणोतीच्या टेबलापाशी आले.

“कोणी मत बदललं, ते तुला कळते का?”

“नाही, काका. नवं मत आलं की जुनं पुसलं जातं. आणि मोजायच्या आधी मतावरचं देणाऱ्याचं नाव निघून जातं.”

“मंडळाच्या अध्यक्षानं लेखी मागितलं तर?”

“तरी नाही. द्यायला माझ्याजवळ काही नाहीच.”

त्यांनी तिच्याकडे नीट पाहिले. काहीतरी तपासून पाहावे तसे. “म्हणजे हे सत्त्याहत्तर खरे आहेत.”

“खरे आहेत. तुमचे शहाऐंशीही.”

“मला वाटायचं, विरोधात जातात ते चार चिडलेले लोक,” पोफळी सावकाश म्हणाले. “सत्त्याहत्तर लोक चिडलेले नसतात. त्यांना काहीतरी पाहिजे असते.” ते वळले. “विनताजी, बुधवारी किती वाजता पाहिजे हॉल?”

आवरत असलेल्या विनता थबकल्या. “सहा वाजता, काका. दीड तास.”

“चावी मी देतो. पण जाताना खुर्च्या लावून जायच्या, आणि पंखे बंद. मी येऊन पाहीन.”

“या न. शिकवायला या. तुमच्या कारखान्याच्या गोष्टी सांगा पोरांना.”

“मराठीत?”

“मग काय चिनीत?”

पोफळींना हसू आवरले नाही. दारातून अनसूयाबाईंनी आवाज दिला. त्यांनी दुर्वाचे बोट धरले होते.

“चला आता. रिक्षावाला केव्हाचा उभा आहे.”

पोफळी वही काखेत घेऊन निघाले. प्रणोतीने अनसूयाबाईंकडे पाहिले. त्या दुर्वाच्या सँडलचा बंद लावायला वाकल्या होत्या; चेहऱ्यावर थकवा होता, थोडी घाई होती, आणखी काही असेल तर ते दिसत नव्हते. गुरुवार ते रविवार त्या फोनवर पुन्हा काय घडले, की काहीच घडले नाही? त्या चेहऱ्यात आपण काय शोधतो आहोत, हे प्रणोतीच्या ध्यानात आले. तिने नजर काढून घेतली आणि टेबलावरच्या तारा गुंडाळायला सुरुवात केली.