मागितलं की द्यायचं

पयल्या दिवशी बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी काय केलं, तर माझ्या पोरीसंगं साबणाचे फुगे उडवले. पाऊण तास. मी चारठाण्याहून एसटीत उभं राहून जिंतूरला आलेली, कोपऱ्यात बसून बघायलीय, आन् मॅडम फुंकर मारायल्यात. मनात म्हणलं, बाई, एवढं तर मी घरीच केलं असतं.

मितू माझी पोर. नाव संघमित्रा, चार वर्षं पुरी. हाक मारली तर वळून बघत न्हाई, बोलत न्हाई. मनासारखं झालं न्हाई की डोकं भिंतीवर आपटती. तिचा बाप धम्मपाल चाकणला कंपनीत. त्याचं म्हणणं, बोलंल आपोआप. फोनवरून असं म्हणायला काय जातं? मला एकच पाहिजे होतं, पोरीनं मला काहीतरी मागावं. 'आई' न्हाई म्हणली तरी चालंल.

तिसऱ्या खेपेला मितूनं स्वतःहून मॅडमचा हात ओढला, फुग्याच्या नळीकडं नेला. मंजुषा मॅडम म्हणल्या, आता काम सुरू. तीन खेपा त्यांना फक्त एवढंच पाहिजे होतं, पोरीला त्यांच्याजवळ यावंसं वाटावं. मग मला नियम सांगितले. बिस्कीट, पाणी, पाळणा, घरातली माणसं, सगळ्यांचे फोटो एका वहीत लावायचे, काढता-लावता येतील असे. पोरीनं फोटो हातात ठेवला की ती वस्तू लगेच द्यायची. न्हाई ठेवला तर मनात पाच मोजायचे आन् हात धरून शिकवायचं. रडली म्हणून द्यायचं न्हाई.

"सुरुवातीला ती जास्त रडेल," मॅडम म्हणल्या. "आणि घरात एकानं जरी न मागता दिलं, तर सगळं पहिल्यापासून."

जास्त म्हणजे किती, ते सांगितलं न्हाई. आमच्या गल्लीत लेकरू रडलं की कोणीबी येतं, कडेवर घेतं, हातात काहीतरी देतं. शेजारच्या कुसुमबाई भाकरीचा तुकडा घेऊन धावत आल्या. मी दारातच अडवलं. दुसऱ्या दिवशी बी. चौथ्या दिवसापासून कोणी आलं न्हाई. नळावर गेले की बाया बोलायच्या थांबायच्या. बबिता पोरीला उपाशी ठेवती, ही बातमी पार बसस्टँडपर्यंत गेली. मी तोंडाची तिखट, पण कोणाकोणाला सांगत बसू? दार लावून घ्यायची. आत ती रडायली, मी पाच मोजायली. त्या खोलीत मला लय एकटं वाटायचं.

वीस दिवस झाले तरी मितू एकबी फोटो उचलंना. मॅडमनी विचारलं, घरात कोणी देतंय का? मी छाती ठोकून न्हाई म्हणलं.

मग एका दुपारी बघितलं. माझ्या सासूबाई सरजाबाई, मी त्यांना मामी म्हणते, मागच्या दारात बसलेल्या. मितू गेली, त्यांच्या पदराची गाठ ओढली. मामींनी गाठ सोडली, गूळ-शेंगदाणे पोरीच्या तोंडात घातले. दोघींचा एक शब्द न्हाई. रोजचंच असावं, इतकं सराईत. माझं टाळकंच सरकलं.

"तुमीच तिला मुकी करायलात," मी म्हणलं.

मामींनी गाठ परत बांधली, पिशवी भरली आन् देवगाव फाट्याला लेकीकडं निघून गेल्या. मी थांबा म्हणलं न्हाई. चूक त्यांची, मी का म्हणू?

त्यानंतर घर खायला उठायचं. मितूचं रडणं हीच काय ती सोबत. नवव्या दिवशी तिनं बिस्किटाचा फोटो काढून माझ्या हातावर ठेवला. मी घाईघाईत अख्खा पुडाच सांडला. सांगावं कोणाला? धम्मपाल ड्युटीवर, फोन उचलंना. कुसुमबाईंच्या दारापर्यंत गेले आन् परत फिरले. एकटीच ओट्यापाशी बसून रडले. तेवढ्यात मितू पाण्याचा फोटो घेऊन आली.

काल ती वही उलटीपालटी करायली होती. एक फोटो खसकन काढला, माझ्या हातात ठेवला आन् सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. असं तिनं आधी कधी बघितलं नव्हतं. फोटो मामींचा.

मागितलं की लगेच द्यायचं. न्हाई दिलं तर पोरीला वाटंल, ह्या फोटोंत काही खरं न्हाई. मी बिस्किटाचा डबा दाखवून बघितला. तिनं माझा हात झटकला, फोटो परत माझ्या मुठीत कोंबला. रडली न्हाई. थांबली. मला वाटलं, आता हीच पाच मोजायली.

फोन लावला. मामींनी उचलला.

"मामी, मितूनं तुमाला मागितलंय. फोटो दिला हातात. नियम हाय, मागितलं की द्यावं लागतं."

तिकडून फाट्यावरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायले.

"आन् तू?" मामींनी विचारलं.

लग्न होऊन आले तशी मी कोणाला काही मागितलं न्हाई. ना सासूला, ना नवऱ्याला, ना गल्लीला. मामी थांबल्या होत्या. हात धरून शिकवायला तिथं कोणी नव्हतं.

"मला बी पाहिजेत तुमी," मी म्हणलं. "पण पदर मोकळा ठेवून या."