हनुवटीवरचे केस

रविवारी दुपारी आई खिडकीजवळच्या खुर्चीत मान वर करून बसली होती आणि लेक चिमट्याने तिच्या हनुवटीवरचे केस उपटत होती. गेले चार महिने दर रविवारचं हे काम.

"तुझ्या बाबांना जन्मभर धड मिशी फुटली नाही, आणि मला बघ, पन्नाशीत दाढी," आई म्हणाली. आवाजही हल्ली घोगरा झाला होता.

"हलू नकोस. उद्या काउंटरवर लोक बघतील."

सोमवारी आई पोस्टात कामावर असताना काउंटरवरच कोसळली. मूत्रपिंडावरच्या, संप्रेरकं बनवणाऱ्या ग्रंथीत गाठ होती, ती फुटली आणि आई गेली. मावशी सोडून बाकी सगळ्यांना लेकीने "हार्ट" एवढंच सांगितलं.

दोन महिन्यांनी तोंड धुताना लेकीच्या बोटांना स्वतःच्याच हनुवटीवर एक राठ केस लागला. त्या दिवसापासून ती दार लावून मोठ्याने वाचायची. आवाज जाड झालाय का, ते ऐकायची. घास गिळवेना, तेव्हा मावशीने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी दिव्याखाली हनुवटी निरखली. "अगं, आपल्या पूर्वजांच्या अंगावर दाट केस होते, थंडीत ऊब देणारे. पुढे उन्हात घाम वाळावा, अंग गार राहावं म्हणून ते बारीक होत गेले असं मानतात. पण मुळं अजून जागच्या जागी आहेत. घाबरल्यावर काटा येतो, तो त्याच केसांचा. शरीरातली संप्रेरकं बदलली की त्याच मुळांतून राठ केस येतात. वयाने एखादा यायचाच. पण भराभर वाढले, आवाज बदलला, तर तपासायलाच हवं. उपटून आतलं दुखणं जात नाही. आईला असं काही होतं का?"

"छे हो, ती हार्टने गेली," मावशी घाईने म्हणाली आणि लेकीच्या कानाशी पुटपुटली, "गप बस. घरात लग्नाच्या मुली आहेत."

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर चारपाच बायका. लेकीच्या हातावर सर्रकन काटा आला. त्या मुलींच्याही हनुवटीवर उद्या केस आले, तर? त्याही गप्पच बसतील, आणि कोणीतरी चिमटा घेऊन बसेल. लाजेने झाकलेलं दुखणं बरं होत नाही, आत वाढत राहतं. हे कळायला तिला आई गमवावी लागली. दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये.

ती बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आईला दाढी येत होती, डॉक्टर. चार महिने. तिला तुमच्याकडे आणायचं सोडून मी ती उपटत बसले. मला तिची लाज वाटत होती."