लाल दोऱ्यातली नावं

नॉर्डालच्या टपाल कचेरीत रग्ना टॉलेफसन बारा वर्षं पोस्टमास्तरीण होती, आणि बारा वर्षांत तिच्या हातून एकही पत्र चुकीच्या घरी गेलं नव्हतं. अमेरिकेतल्या मिनेसोटातलं ते एवढंसं गाव, सगळे नॉर्वेहून आलेल्यांचे नातू-पणतू, त्यामुळे निम्म्या पाकिटांवर नाव सारखंच. पण कुठला ओल्सन कुठला, हे रग्नाला अक्षरावरून कळायचं. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. मूलबाळ नाही. कचेरीमागच्या दोन खोल्या हेच घर, तेही नोकरीबरोबर मिळालेलं. नोकरी गेली की डुलुथला नणंदेच्या दारात उभं राहायचं, आणि नणंदेपेक्षा बर्फात उभं राहणं बरं, असं रग्नाचं स्पष्ट मत होतं.

एक्कावन्न सालच्या मार्चमध्ये करड्या हॅटवाला एक तरुण कचेरीत आला. रग्नाला वाटलं, तिकिटं हवी असतील. त्याने खिशातून वही काढली. नाव पेल, शहरातून आलेला, सरकारी नोकरांच्या देशनिष्ठेची चौकशी करणारा माणूस.

"मिसेस टॉलेफसन, त्रेचाळीस साली तुम्ही रशियाला एक गोधडी पाठवली होती?"

"मी एकटीने नाही. अख्ख्या गावाने."

"गोधडीवर नावं होती?"

"चौसष्ट."

"कोणी लिहिली?"

"लिहिली नाहीत, भरली. माझं अक्षर चांगलं म्हणून सगळी मीच भरली. लाल दोऱ्याने."

पेलची पेन्सिल थांबली. "लालच का?"

"धुतल्यावर त्याचा रंग जात नाही. निळ्याचा जातो."

एवढं साधं उत्तर, पण पेलने ते लिहून त्याखाली रेघ मारली. मग विचारलं, "रशियाला पाठवायची, ही कल्पना कोणाची?"

रग्ना थबकली. कल्पना कोणाची होती, हे तिला लख्ख आठवत होतं. पण या माणसाला ते कशाला हवंय, हे कळेना. "आठ वर्षं झाली," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं. आठ वर्षं झालीच होती.

"आठवा," पेल म्हणाला. "पुढच्या महिन्यात चौकशी मंडळासमोर यावं लागेल. तिथे आठवलेलं बरं." आणि जाताना त्याने खरंच तीन सेंटचं एक तिकीट घेतलं.

नावांची गोधडी ही नॉर्डालची जुनी रीत. चर्चचं छप्पर गळलं, कुणाचं घर जळलं, की चर्चच्या तळघरात महिला मंडळाच्या बायका जमायच्या, अंडं घालून केलेली कॉफी व्हायची, आणि पांढऱ्या चौकोनांवर गावातल्या बायकांची नावं भरली जायची; मग ती गोधडी विकून नाहीतर देऊन मदत व्हायची. नावांनाही मानपान होता. मधल्या चौकोनात पाद्रीबाईंचं नाव, त्याभोवती जुनी घरं, आणि नवीन सुना कडेला. रशियाच्या गोधडीच्या वेळी ओलेना स्टेन्सरुडचं नाव कडेच्या ओळीत गेलं, तर ती तीन आठवडे रग्नाशी बोलली नव्हती. "मी काय झालर आहे?" असं तिने भर तळघरात विचारलं होतं. शेवटी एक अख्खी ओळ उसवून रग्नाने तिला दोन घरं आत सरकवलं, तेव्हा कुठे बाईंचा राग गेला.

आणि कल्पना होती सिग्ने ब्रेकहुसची, रग्नाच्या बालमैत्रिणीची. सिग्नेने वर्तमानपत्रात वाचलं होतं, की कुठल्याशा वेढलेल्या शहरात पोरं थंडीने मरताहेत. "आपण कापसात लोळतोय, आणि ती माणसं आपल्या वाटणीची लढाई लढताहेत," म्हणत ती तळघरात रडली, आणि सगळ्याच रडल्या. पाद्रीबाबांनी त्यावर प्रवचन केलं. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. त्यात सगळ्या बायका हसत होत्या, ओलेना सगळ्यात पुढे.

पेल येऊन गेल्याची बातमी दुपारच्या आत गावभर झाली. दुसऱ्या दिवसापासून बायका खिडकीशी यायला लागल्या. प्रत्येकीला एकच तिकीट हवं असायचं, आणि घेतल्यावर हलायचं नसायचं.

"रग्ना," ओलेना खाली वाकून म्हणाली, "माझं नाव त्या गोधडीवर नव्हतंच ना गं?"

"होतं की. तुझ्यासाठी तर अख्खी ओळ उसवली."

"तुला चुकीचं आठवतंय."

"तीन आठवडे बोलली नाहीस, तेही चुकीचं आठवतंय?"

"आवाज किती करतेस!" ओलेना मागे बघत म्हणाली. "मी त्या वेळी आजारी होते. विचार माझ्या नवऱ्याला."

चौसष्टपैकी निम्म्या जणी त्या हिवाळ्यात आजारी होत्या, असं आता निघालं. दोघी माहेरी होत्या. एकीला तर आपण शिवण शिकलोच नाही असं वाटत होतं, आणि ते म्हणताना तिच्या अंगात तिनेच शिवलेला झगा होता. मध्यभागासाठी भांडणाऱ्या बायकांना आता कडही नको होती. ज्यांना विचारावं त्या कानावर हात ठेवत होत्या, आणि रग्नाला क्षणभर खरंच वाटून गेलं, की गोधडी आपल्याला स्वप्नात तर दिसली नव्हती ना?

त्याच आठवड्यात टपालाच्या डब्यातून पाकिटं निघायला लागली. पत्ता शहरातला, त्याच कचेरीचा, जिथून रग्नाला बोलावणं आलं होतं. पाठवणारीचं नाव नव्हतं. पण अक्षरं? रग्नाने ती डोळे मिटून ओळखली असती. एक, तीन, शेवटी अकरा. टपालवालीने पाकिटात काय आहे याचा विचार करायचा नसतो, तसा नियमच आहे. नियम पाळून तिने अकराच्या अकरा पाकिटांवर शिक्का मारला. जरा जोरात मारला, एवढंच. अकरांमध्ये सिग्नेचं अक्षर नव्हतं, हे तिने दोनदा तपासलं.

गुरुवारी तळघरात महिला मंडळाची बैठक होती. रग्नाही गेली. या वर्षी गोधड्या जर्मनीला जायच्या होत्या. तिथे माणसं पडक्या घरांत राहतात, पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, आपण त्यांना हात द्यायला हवा. रग्ना टाके घालता घालता थांबली. त्रेचाळीस साली जर्मनांनी नॉर्वेतल्या तिच्या आतेभावाला गोळी घातली होती. तेव्हा जर्मनांसाठी टाका घातला असता तर गावाने वाळीत टाकलं असतं. आता रशियासाठी घातलेल्या टाक्यांची चौकशी होती. मग आज जो टाका घालतोय तो आणखी आठ वर्षांनी काय ठरणार? कुणाला विचारावं? पाद्रीबाबांना विचारलं तर म्हणाले, "रग्नाबाई, काळ कठीण आहे." हे तर तिलाही दिसत होतं.

"या गोधडीवर नावं कुठून सुरू करायची?" तिने विचारलं.

कोणी मान वर केली नाही. मग ओलेना म्हणाली, "या वेळी साधीच करू या. फुलंबिलं काढू."

त्या संध्याकाळी सिग्ने मागच्या दाराने आली. मागचं दार तिने बारा वर्षांत कधी वापरलं नव्हतं.

"तू माझं नाव सांगणार आहेस?" बसायच्या आधीच तिने विचारलं.

"बस तरी."

"ऑर्विल कोरियात आहे गं, महिनाभर पत्र नाही त्याचं, तुला ठाऊकच आहे. तिथे साम्यवाद्यांच्या गोळ्या खातोय माझा पोरगा, आणि इथे त्याची आई साम्यवादी ठरली तर? त्याच्या वरिष्ठांना कळवतात म्हणे. त्याला आणखी पुढे, आघाडीवर पाठवून देतील."

"असं कसं करतील?"

"तुझी चौकशी करतील असं वाटलं होतं का तुला?"

रग्नाने दोन कप मांडले. तिने कॉफी ओतली. "मला शपथ घालून विचारलं तर मी खोटं कसं बोलू, सिग्ने? मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. चेहऱ्यावर दिसतं."

"मग बोलू नकोस खोटं," सिग्ने रडत म्हणाली. "काहीतरी कर. काय ते मलाही कळत नाही." कॉफी तशीच ठेवून ती गेली.

चौकशी मंडळाची खोली मिनियापोलिसमध्ये पाचव्या मजल्यावर होती. टेबलामागे तिघे. चौथा पेल, कोपऱ्यात. टेबलावर अकरा पाकिटं उघडून ठेवलेली. रग्नाला स्वतःचा शिक्का दिसला. नीट उमटला होता.

अध्यक्ष म्हातारे होते, आवाज मऊ. "मिसेस टॉलेफसन, तुम्ही वाईट बाई आहात असं इथे कोणी म्हणत नाही. तुमचं काम चोख आहे. तुम्ही फसलात, एवढंच. हे निवेदन वाचा आणि सही करा, की झालं. सोमवारी तुम्ही तुमच्या कचेरीत."

निवेदन पाच ओळींचं होतं. चौथी ओळ अशी होती: माझी दिशाभूल. पुढे कोरी जागा. मग: यांनी केली.

"इथे नाव लिहायचं?"

"हो. कोणाच्या सांगण्यावरून हे सगळं झालं त्याचं."

रग्नाने जागा बोटाने मोजली. "एकच मावेल."

"एकच पुरे."

"पण साहेब, सांगणारे पुष्कळ होते. पाद्रीबाबांनी सांगितलं. पेपरवाल्यांनी सांगितलं. आणि तुम्हीही सांगितलंत."

"आम्ही?"

"सरकारने. वॉशिंग्टनहून माझ्या कचेरीत एक चित्र आलं होतं. रशियन शिपाई, हसरा, दात छान. खाली लिहिलेलं, हा तुमचा मित्र आहे. भिंतीवर लावा असा हुकूम होता. मी लावलं. सेहेचाळीस साली काढा असा हुकूम आला, मी काढलं. दोन्ही हुकमांवर सही कोणाची होती ते वाचता आलं नाही. ती सही तुम्हाला सापडली तर हे नाव लिहिता येईल."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. तिला खरंच वाटलं, या मोठ्या इमारतीत ते कागद कुठेतरी असतील. पण अध्यक्षांचे कान लाल झाले. "बाई, तो काळ वेगळा होता."

"हो ना. तेच मी म्हणतेय. काळाचं नाव लिहू का?"

पेल खोकला. अध्यक्षांनी टाक तिच्यापुढे सरकवला. "लिहा, बाई. दोन अक्षरांचा प्रश्न आहे. कचेरी तुमची, घर तुमचं."

रग्ना टाक हातात धरून बसली. सिग्नेचं नाव लिहिलं तर खरं ठरेल का? कल्पना तिचीच होती. पण पोरं थंडीने मरताहेत म्हणून रडणाऱ्या बाईने दिशाभूल कोणाची केली? पोरं तर मरतच होती. ओलेनाचं लिहावं असं एकदा मनात आलं, आणि त्याची तिला लाज वाटली. कुठल्याही बाजूने बघितलं तरी त्या जागेत बसेल असं नाव सापडेना. आणि या तिघांचा, त्या अकरा पाकिटांचा, सगळ्या जगाचा तिला इतका राग आला, की तिने ठसठशीत अक्षरात लिहून टाकलं: रग्ना टॉलेफसन. खाली सही केली. तीच.

अध्यक्षांनी वाचलं. "चुकून सही वर झाली का?"

"नाही. दोन्हीकडे बरोबर आहे."

"म्हणजे तुमची दिशाभूल तुम्हीच केलीत?"

"दुसऱ्या कोणाचं नाव मला शपथेवर लिहिता येत नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणारेही निदान संन्याशाकडे बघतात. यांनी बघितलंही नाही. अध्यक्षांनी निवेदन उलटं करून ठेवलं. "मग आमचा नाइलाज आहे," ते म्हणाले.

शुक्रवारी निरीक्षक येऊन किल्ल्या घेऊन गेला. नवीन माणूस बुधवारी येणार होता. खोल्या सोडायला महिन्याची मुदत. सोमवारी सकाळच्या गाडीने टपालाची पिशवी आली, स्टेशनवाल्याने ती निरीक्षकाने दिलेल्या किल्लीने आत ठेवली आणि दाराला पुन्हा कुलूप लावलं. पिशवी उघडायचा अधिकार त्यालाही नव्हता.

नऊ वाजता रग्ना कोट घालून कचेरीच्या पुढच्या बाजूला आली. बारा वर्षांत ती या बाजूला उभी राहिली नव्हती. सिग्ने आधीच तिथे होती, काचेवर हात ठेवून आत बघत.

"कोणाचं नाव सांगितलंस?" सिग्नेने मागे न वळता विचारलं.

"माझं."

सिग्नेने मोठा श्वास सोडला. तो सुटकेचा होता, आणि रग्नाने तो ऐकला. मग सिग्ने वळली, आणि तिचा चेहरा रडवेला झाला. "पण कल्पना तर माझी होती गं."

"होती. पण त्यांनी विचारलं, फसवलं कोणी. तू कुठे फसवलंस?"

रस्त्यावरून ओलेना येत होती, तिच्यामागे आणखी चार-पाच जणी, पत्रांसाठी. कुलूप बघून सगळ्या थांबल्या. कोणाला रग्नाकडे बघावं की बघू नये, हे कळेना.

"गोधडी रशियाला पाठवायची, हे मी सुचवलं होतं," सिग्ने अचानक मोठ्याने म्हणाली. "ऐकताय ना सगळ्या? मी, सिग्ने ब्रेकहुस."

ओलेना लगबगीने काचेपाशी गेली आणि डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून आत बघायला लागली. बाकीच्याही तिच्यामागे गेल्या. "पिशवी आज बरीच फुगलेली दिसते," कोणीतरी म्हणालं.

सिग्नेने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात रग्नाने तिचा दंड धरला.

"हळू बोल," ती म्हणाली. "ऑर्विलचं पत्र हातात पडू दे आधी."