सातवी फाइल

तिने फाइल पाचव्यांदा उघडायला दिली आणि पाचव्यांदा तीच चौकट पडद्यावर आली. फाइल वाचता येत नाही. का येत नाही, कोणत्या ओळीवर अडतं, याबद्दल सॉफ्टवेअर अवाक्षर काढायला तयार नव्हतं.

"मुकं जनावर परवडलं," ती म्हणाली. "निदान लाथ तरी कुठून बसली ते कळतं."

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मास्तरांनी गुडघ्यावरची पिशवी सरळ केली. अंकगणिताच्या सराववह्या त्यांच्याच. सहा भाग छापून झाले होते. सातव्याची पानं चार वाजेपर्यंत छापखान्यात गेली नाहीत, तर मशीन दुसऱ्याच्या कामाला लागणार होतं आणि शाळा वह्यांशिवाय उघडणार होती.

"दादाला फोन कर ना," मास्तर म्हणाले.

"नाही करणार."

लहानपणी दोघं बहीणभाऊ त्यांच्याच हाताखाली शिकले होते; दोघांचे हट्ट त्यांना ठाऊक होते. पानं लावायचं नवं सॉफ्टवेअर घ्यायचं की जुन्यावरच भागवायचं, यावरून त्या दोघांचं फाटलं होतं. दादा नवं घेऊन वेगळा झाला. ती जुन्यावरच राहिली. तरी या वह्यांचा मजकूर ती टाइप करून पाठवी आणि पानं तो लावी. त्याची पानं तिच्या मशीनवर उघडत नसत, म्हणून तो ती साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून पाठवी. कोणतं अक्षर किती मोठं, कोणतं चित्र कुठे, सगळं टोकदार कंसांत शब्दांनी लिहिलेलं. ती फाइल वाचून तिचं सॉफ्टवेअर पान पुन्हा उभं करी. अकरा महिने दोघांमध्ये एवढीच ये-जा होती. मेलमध्ये फाइल, बाकी कोरं.

"आता काय करतेस?"

"चिरते."

तिने फाइलीची एक प्रत साध्या लिहिण्याच्या खिडकीत उघडली. अकरा हजार ओळी. न वाचताच खालची अर्धी पानं तिने उडवली आणि उरलेली फाइल उघडायला दिली. अडली. पुन्हा अर्धी उडवली. उघडली. म्हणजे दोष नुकत्याच उडवलेल्या भागात.

"हे तर मनातला आकडा ओळखण्यासारखं झालं," मास्तर खुलून म्हणाले. "पन्नासच्या वर की खाली, असं विचारत जायचं. पोरांना फार आवडतं."

"मास्तर, पोरांना चार वाजता छापखाना गाठायचा नसतो."

अडीचच्या सुमारास चाळीसेक ओळी उरल्या. मग तिने डोळे बारीक करून पहिल्यांदाच त्या वाचल्या. भागाकाराच्या एका उदाहरणापाशी शेवटचा कंस नव्हता. त्याच्या वरच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

# कंस मीच काढलाय. सहा वेळा लिहिलं, पण फाइल नीट उघडते म्हणून तू आत बघतच नाहीस.

मास्तरांनी चष्मा वर करून वाचलं. "हे पानावर छापलं जाईल का गं?"

"नाही. पुढे हे हॅशचं चिन्ह असलं की मशीन ती ओळ सोडून देतं. माणसासाठी असते ती." तिने कंस टाकला. दणकन. "साडेतीन तास खाल्ले माझे त्या गाढवाने."

फाइल उघडली. एकूण एक पान जागेवर होतं. तिने ती छापखान्याला पाठवली, पोचल्याचा निरोप आला, तरी ती उठली नाही. आधीच्या सहा फाइली तिने एकेक करून त्या साध्या खिडकीत उघडल्या आणि हॅश शोधला.

# तुझ्या मशीनला झेपावीत म्हणून चित्रं हलकी केली आहेत.

# ती खुर्ची बदल. पाठ मोडेल.

# नवं सॉफ्टवेअरही अडतं. हसू नकोस.

सहाव्या फाइलीतली ओळ तिने मास्तरांना दाखवली नाही. पडदा जरासा आपल्याकडे वळवून घेतला आणि पदराने चष्मा पुसला.

"वर्गात एखादं पोर येणारं गणितसुद्धा चुकवायचं," मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले. "मी त्याच्या बाकावर जाऊन बसावं म्हणून."

"तुम्ही बसायचात?"

"बसायचो की."

आठव्या भागाचा मजकूर तिने कालच तसल्याच कंसांसकट टाइप करून ठेवला होता, दादाकडे पाठवायला. ती फाइल तिने उघडली. मधेच कुठेतरी हॅश टाकला, एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. मग त्या ओळीपासून बरीच खाली गेली आणि एक कंस पुसला. आणखी दोन पानं खाली जाऊन दुसरा.

"अगं, एक पुरे होता," मास्तर म्हणाले.

"एक त्याला पाच मिनिटांत सापडेल," ती म्हणाली आणि फाइल पाठवून दिली.