जॅक उचलतो, धरत नाही

मी एक जुना जॅक आहे, आणि पहिल्याच दमात सांगून टाकतो, मला राग आलेला आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी डोळे पुसत, हळू आवाजात आपली कहाणी सांगायची असा रिवाज आहे. तसली अपेक्षा माझ्याकडून ठेवू नका. मला बसलेली लाथ अजून ताजी आहे.

गाडीचं चाक काढायचं म्हटलं की गाडी जमिनीवरून उचलावी लागते. ते काम माझं. मी कात्रीसारखा उघडतो आणि मिटतो. माझ्या पोटातून आट्यांचा एक लांब दांडा जातो. तो हँडलनं फिरवला की मी ताठ होत जातो आणि अख्ख्या गाडीचा एक कोपरा माझ्या डोक्यावर येतो. तुम्ही एकदा डोक्यावर बैलगाडी घेऊन बघा, मग मला आळशी म्हणा.

माझा जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. पत्रा ठेचला, भोकं पाडली, लाल रंगात बुचकळलं आणि एका पांढऱ्या जीपच्या सीटखाली कोंबलं, एवढंच आठवतं. जीप दौंडच्या एका रेल्वे गार्डाची होती. तो निवृत्त झाला आणि वडगाव रासाईच्या हौसरावांनी ती विकत घेतली.

हौसराव माणूस तिखट, पण हत्याराची कदर असलेला. गाडी दारात आल्यावर त्यांनी आधी मला बाहेर काढलं, रॉकेलनं धुतलं, आट्यांना ग्रीस चोपडलं. नारळ नंतर फोडला. त्यांची बायको सरूबाई ताट घेऊन ताटकळत उभी होती, ती म्हणाली, "देवाच्या आधी लोखंडाला आंघुळ? बाई गं!"

"देव गाडीखाली शिरत न्हाई," हौसराव म्हणाले. "मी शिरतो."

चाक काढायची त्यांची रीत ठरलेली होती. गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे, कारण चाक हवेत गेलं की नटाबरोबर तेही गरागरा फिरतं. मग दुसऱ्या चाकापुढं दगड लावायचा, माझ्या पायाखाली फळी द्यायची, आणि तेव्हा कुठं मला फिरवायचं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. काढलेलं चाक बाजूला भिरकावायचं नाही. ते आडवं करून लगेच गाडीखाली सरकवायचं. मी निसटलोच तर गाडी चाकावर टेकते, माणसावर नाही. "जॅक उचलतो, धरत न्हाई," असं हौसराव प्रत्येक वेळी म्हणायचे. ऐकून ऐकून घरातल्या मांजरालाही पाठ झालं असेल. मला सुरुवातीला अपमान वाटायचा. नंतर कळलं, मला इतकं नीट ओळखणारा दुसरा माणूस मिळायचा नाही.

मग हौसरावांचे गुडघे गेले आणि माझे दिवस फिरले.

त्यांचा मुलगा इंद्रजीत शिक्रापूरच्या एका कंपनीत कामाला. गाडी त्याच्या ताब्यात गेली, म्हणजे मीही गेलो. हा मुलगा गाडी चालवतो झकास, धुतो त्याहून झकास, आणि तिच्या पोटात काय चाललंय हे बघायचं नाव काढत नाही. हँडब्रेक ओढला तर नुसता वर येतो, धरत काही नाही. तर म्हणे, "चालतंय की!" चालतंय रे बाबा, थांबत नाही ही तक्रार आहे! माझं तर विचारूच नका. उसाच्या ट्रॉलीखाली मला घातलं. कपाटाचा पाय मोडला तेव्हा त्याच्याखाली घातलं. वाळवणावरचं फडकं उडू नये म्हणून माझं वजन ठेवलं. एक कोंबडी तर माझ्यावर रोज बसायची आणि काय करून उठायची ते मी लहान मुलांसमोर बोलत नाही. आटे गंजले, ग्रीसचा वासही विसरलो. संताप संताप व्हायचा, पण जॅकला तोंड नसतं.

एकच माणूस माझ्याकडे बघायचं. इंद्रजीतची बायको नीलम. एकदा ती हौसरावांना शिरूरच्या डॉक्टरकडे घेऊन निघाली होती आणि न्हावरे फाट्याजवळ चाक पंक्चर झालं. हौसराव रस्त्याकडेच्या दगडावर टेकले आणि म्हणाले, "मला वाकता येत न्हाई. तू काढ." ती म्हणाली, "मामा, मला कुठं येतंय?" सासऱ्याला ती मामा म्हणते, सासूला आत्या. "यायचं काय त्यात, नट हाय, फिरतोय," मामा म्हणाले. तिनं पान्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाकला, नट कुरकुरला, सुटला. काढलेलं चाक तिनं सांगण्याआधीच गाडीखाली सरकवलं. घरी आल्यावर मामांनी चारचौघांत सांगितलं, "पोरीनं इचारलंसुद्धा न्हाई, चाक आधी खाली!" माझी पाठही तिनं पुसली होती. तेवढा एक दिवस माझा चांगला गेला.

आता त्या खंडेनवमीचं सांगतो, ज्यासाठी मी इतका वेळ दात खातोय.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. कोयता, कुदळ, पाना, जॅक, सगळ्यांना पाटावर बसवून हळदकुंकू. वर्षभर लाथा आणि एक दिवस कुंकू! इंद्रजीतला सुट्टी होती. त्यानं ठरवलं, पूजेआधी चाकं काढून आतूनही चकचकीत धुवायची. अंगणात पहाटेच सरूबाईंनी शेणाचा सडा टाकलेला, घट्ट आणि ओला. अंगण फाटकाकडे जरा उतरतं. त्या बुळबुळीत सड्यावर, फळी न देता, ह्या शहाण्यानं मला थेट उभा केला! पुढच्या चाकापुढं दगड तेवढा लावला, हे त्याचं नशीब म्हणायचं. पण ते नशीबही फार टिकलं नाही.

मागचं चाक काढून त्यानं नीलमकडे ढकललं. "नळावर घिऊन जा, घास चांगलं." ती चाक घेऊन गेली. गाडीखाली काही नाही. नुसता मी, गंजलेला, शेणात उभा. त्याच वेळी सरूबाई गाडीपुढं रांगोळी काढायला बसल्या. त्यांना दगड आड येत होता. त्यांनी तो उचलून तुळशीपाशी ठेवला. त्यांना काय ठाऊक! आणि इंद्रजीतला काय सुचावं? "आता उचललीच हाय तर हँडब्रेकची तार बी बघतो," म्हणाला, आणि पाठीवर सरकत गाडीखाली शिरला. सहा महिने नाही बघितली, आणि बघायला मुहूर्त हा निवडला!

मित्रांनो, मी ओरडत होतो. बाहेर आला तो नुसता कर्रर्र आवाज.

ओट्यावरून हौसरावांनी तो ऐकला. "इंद्या, चाक कुठाय? गाडीखाली चाक हाय का?"

"धुवाय दिलंय आबा. दोन मिनिटाचं काम हाय."

नीलमनं नळावरून वळून बघितलं आणि ओलं चाक तसंच गडगडत आणलं. खालून इंद्रजीत वैतागला. "अगं, धुतलेलं चाक शेणात घालती का? पूजंला ठिवायचंय ते!"

"पूजा गेली खड्ड्यात," नीलम म्हणाली. "पाय घ्या तिकडं."

"काय बाई म्हणावं हिला," तो पुटपुटला. "काय हुतंय एवढं..."

तिनं चाक आडवं केलं आणि दोन्ही हातांनी आत रेटलं. तिचे हात बाहेर आले, आणि इंद्रजीतनं तारेला जोरात हिसका दिला. गाडी फाटकाकडे हलली. अडवायला दगड नव्हता. माझा पाय सड्यावरून सरकला, मी आडवा झालो, आणि गाडी धाडकन खाली आली.

ती चाकावर आली. लोखंड इंद्रजीतच्या छातीपासून चार बोटं वर थांबलं.

सरूबाईंच्या हातातली रांगोळी सांडली. त्या किंचाळल्या. नीलम रडली नाही, चिडली. "हलू नका! श्वास येतोय ना? मग गप पडा!" खालून बारीक आवाज आला, "येतोय." हौसराव त्या मोडक्या गुडघ्यांवर ओटा उतरून आले आणि तुळशीपाशी पडलेला दगड त्यांनी स्वतः चाकापुढं ठोकला. नीलमनं खुरप्यानं सडा खरवडून खालचा कोरडा मुरूम मोकळा केला, त्यावर पाट ठेवला. हो, पूजेचाच पाट. आणि मला ओढून त्या पाटावर उभं केलं.

मी वाकलो होतो. आटे जागोजागी अडत होते. ती हँडलवर सगळा जीव लावत होती आणि दातओठ खाऊन म्हणत होती, "फिर, मेल्या, फिर!" मी फिरलो. रागानं फिरलो, पण फिरलो. गाडी वर आली, आणि हौसरावांनी इंद्रजीतला खांद्याला धरून बाहेर ओढलं. त्याच्या दंडावरची कातडी सोलली होती, बाकी तो धड होता.

आणि उठून पहिलं काय केलं त्यानं? गाडी आडव्या चाकावर टेकवून मला बाहेर ओढला आणि लाथ घातली! "ह्या भंगारानं जीव घेतला असता माझा! टाका हे नदीत!"

मी गोठ्याच्या भिंतीवर जाऊन आपटलो. माझ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. मीच घेतला असता जीव? फळी मी खाल्ली? ग्रीस मी चाटलं?

पण माझ्याहून मोठा आवाज नीलमचा निघाला. "त्याला काय लाथा घालताय? त्याला बोलता येत न्हाई म्हणून? मामा ओरडत हुते तवा ऐकलं का? मी चाक आणलं तवा ऐकलं का? धुतलेलं चाक शेणात नको म्हणं! मी ऐकलं असतं तुमचं, तर आता कुंकू कुणाचं पुसायचं हुतं?"

सरूबाई मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दगड म्या काढला रं." इंद्रजीत तोंड फिरवून गोठ्यापाशी गेला आणि त्यानं मला उचललं.

पूजा दुपारी झाली. सरूबाई कुंकवाचं बोट घेऊन माझ्यापाशी आल्या, तर हौसराव म्हणाले, "कुंकू ऱ्हाऊ दे. त्याला आधी ग्रीस लाव म्हणावं." इंद्रजीत मांडी घालून बसला. रॉकेलनं त्यानं माझा एकेक आटा घासला, घाण काढली, बोटानं ग्रीस भरलं. वाकलेल्या पट्टीवरून हात फिरवत म्हणाला, "ह्यो आता गाडीला न्हाई चालायचा. नवा घ्यावा लागंल." खरं बोलला. माफीबिफी काही मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती.

आता गाडीत नवा जॅक आहे, चकचकीत, फार ऐटीत असतो. मी ओट्याच्या कोनाड्यात. परवा इंद्रजीत पुन्हा गाडीखाली शिरणार होता. दगड लावला, फळी दिली, चाक आडवं सरकवलं. मग शिरता शिरता थांबला आणि घराकडे तोंड करून त्यानं हाक मारली, "नीलम, चाक नीट बसलंय का बघ गं."

ती आली. तिनं वाकून बघितलं, पायानं चाक आणखी थोडं आत ढकललं, आणि म्हणाली, "आता जावा."

माझा राग गेलेला नाही, मित्रांनो. जॅकनं शेवटी म्हणायचं असतं, माझी काळजी घ्या, मला विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. विसरा मला खुशाल, गंजू द्या, कोंबडी बसवा. पण माझ्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. मी उचलतो. धरायला मला सांगू नका.