रंजीताचा निबंध

बारावीच्या मुलांचे अर्ज भरायचे दिवस आले की वरोऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सत्यशीला मॅडमच्या टेबलाभोवती गर्दी व्हायची. काय लिहिलं की निवड होते हे मॅडमना नेमकं कळतं, अशी त्यांची ख्याती होती. मॅडमनाही ती आवडायची.

त्या वर्षी रंजीता मडावी बंगळुरूच्या एका खाजगी विद्यापीठाचा अर्ज घेऊन आली. तिचं गाव जंगलाला लागून. फी, राहणं, जेवण सगळं माफ होणार होतं, पण निवड निबंधावर होती. पाच प्रश्न दिले होते, त्यांतल्या कोणत्याही एकावर लिहायचं. रंजीताचं ठरलेलं होतं. चौथा प्रश्न होता, तुम्ही तासन्‌तास कशात रमता? गावच्या बोडीत, म्हणजे धानाला पाणी देणाऱ्या लहानशा तळ्यात, तिनं आठवीपासून खुणांची काठी रोवली होती. पाणी कधी किती उतरलं ते ती वहीत लिहायची. धानाला शेवटचं पाणी पुरेल की नाही, हे गावातली माणसं तिलाच विचारत.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. तुमच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं संकट.

"मॅडम, मले बोडीवर लिहाचं हाय," रंजीता हळूच म्हणाली.

"पाणी मोजणारे पुष्कळ असतील गं. वाघानं बाप नेलेली मुलगी त्यांना किती मिळणार?"

हे बोलताना मॅडमना काहीच वाटलं नाही. पोरीचं भलं व्हावं, एवढंच मनात होतं.

रंजीताचे वडील दसरू चार वर्षांपूर्वी मोहफुलं वेचायला गेले होते, ते परत आलेच नाहीत. रंजीतानं त्यावर दहा ओळी लिहून आणल्या. मॅडमनी त्या परत दिल्या. त्या सकाळचं लिही, वाचणाऱ्याच्या काळजाला हात घातला पाहिजे, असं सांगितलं. तीनदा असंच झालं. चौथ्या खेपेला रंजीतानं जे आणलं, ते तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मोह वेचायला जायची पाळी तिची होती. पोट दुखतं असं खोटंच सांगून ती गोधडीत पडून राहिली आणि टोपली बापानं उचलली.

वाचताना मॅडमचे डोळे भरून आले. त्याच क्षणी मनात आलं, आता झाला निबंध! पुढं या आनंदाचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

मॅडमनी निबंधाचं इंग्रजी करून दिलं. निवड झाली. महाविद्यालयानं सत्कार ठेवला. रंजीताची आई अन्नपूर्णा नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत येऊन बसली. प्राचार्यांनी ऐन वेळी सुचवलं की निबंध वाचून दाखवा. मॅडमनी फायलीतला मराठी कागद काढला. मंचावर रंजीता मान हलवून नको नको म्हणत होती. मॅडमना वाटलं, पोर लाजतेय.

पोटदुखीच्या ओळीपाशी अन्नपूर्णा उठली आणि कुणाकडं न बघता बाहेर निघून गेली.

रंजीता बंगळुरूला गेली नाही. त्या निबंधावर मिळालेली जागा तिला नको होती. प्रवेशाची तारीख उलटल्यावर मॅडम तिच्या गावी गेल्या. रंजीता घराबाहेर आली नाही. अन्नपूर्णेनं खाट टाकली, पाणी दिलं. मॅडमनी माफी मागितली. मी तिच्या भल्यासाठीच केलं, असंही म्हणाल्या.

"तुमच्या मनात खोट नोयती, मले ठावूक हाय," अन्नपूर्णा म्हणाली. "पण बाई, ते बोलणं तिचं होतं. कधी तरी चुलीपाशी बसून तिनं मले सांगतलं असतं. मी तिले पोटाशी धरलं असतं, तुहा दोष नाई म्हटलं असतं. आता मी ते सगळ्या लोकायसंगं ऐकलं. मले चारचौघात रडाचं नोयतं म्हणून मी उठली. तिले वाटते, मी रागावली. रोज समजावून राह्यली, तिले पटत नाई."

पाण्याचा तांब्या उचलत ती म्हणाली, "आमचं दुख आमी कोणाले सांगाव न् कोणाले नाई, येवढं तरी आमच्या हाती राहू द्या."

परतीच्या एसटीत मॅडमना स्वतःची शाळा आठवली. गणवेश वाटपाच्या दिवशी गुरुजींनी त्यांना पाहुण्यांपुढं उभं करून घरची सगळी गरिबी वर्णून सांगितली होती. गुरुजींच्याही मनात खोट नव्हती. तेव्हा छोट्या सत्यशीलेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. आणि तेच आपण रंजीताच्या बाबतीत केलं!

रंजीता आता चंद्रपुरात बी.एस्सी. करते. बसस्टँडवर भेटली तर नमस्कार करते, दोन शब्द बोलते. लिहिलेलं काही दाखवत नाही.

पुढल्या वर्षी नंदिनी नावाची मुलगी तसाच अर्ज घेऊन आली आणि कोणता प्रश्न घेऊ म्हणून विचारू लागली. मॅडमनी कागद तिच्याकडं सरकवला. तुला कशावर लिहावंसं वाटतं ते तू ठरव, मी फक्त भाषा बघेन, म्हणाल्या. नंदिनीनं निवडलेला प्रश्न मॅडमच्या मते अगदी साधा होता. त्यांनी फक्त भाषा तपासून दिली.

शिकायला निघालेल्या लेकरांना आपण शहाण्यासुरत्या माणसांनी वाट जरूर दाखवावी. पण त्यांच्या जखमेची खपली काढायचा हक्क आपल्याला नाही, मग बदल्यात केवढीही शिष्यवृत्ती मिळत असो. गरिबाच्या पोराला दुःखाखेरीज सांगण्यासारखं दुसरं काही असतं, यावर आधी आपला विश्वास हवा. सत्यशीला मॅडम हे आता प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगतात. रंजीताच्या बाबतीत मात्र त्यांना ते फार उशिरा कळलं.