घाटावरचा डोळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पण नटूनथटून कुणी माझ्यासमोर उभे राहत नाही. घाटातल्या सर्वांत अवघड वळणावर, एका उंच खांबावर माझा मुक्काम असतो. दर दोन मिनिटांनी मी रस्त्याचे एक चित्र टिपतो. ते तारेतून खाली जाते आणि ज्याला हवे त्याला घरबसल्या फोनवर दिसते.

पहिल्या दिवशी हे कळले तेव्हा मी थक्कच झालो! मी कुणालाही ओळखत नाही, तरी हजारो माणसे चहाचा कप हातात धरून माझ्या डोळ्याने घाट बघतात आणि मगच गाडीची किल्ली उचलतात. सुरुवातीला माझे कौतुकही फार झाले. दर महिन्याला शिडी लावून माझी काच पुसली जाई. पुढे मी सवयीचा झालो. कोळ्यांनी जाळी विणली, काचेवर धूळ साचली. कार्यालयातल्या कुणा हौशी साहेबाने माझ्या चित्राच्या कोपऱ्यात नवे बोधचिन्ह चिकटवले. त्याखाली चित्राची वेळ झाकली गेली, हे कुणाच्या ध्यानीमनीही आले नाही.

एका संध्याकाळी, ऊन मावळण्याआधीच, उंदराने माझी तार कुरतडली. फोनवर माझे शेवटचे चित्र तसेच राहिले: लख्ख ऊन, मोकळा रस्ता. इकडे पहाटे असे धुके उतरले की मला माझा खांबही दिसेना. मग डोंगर गडगडला. धुके जरा हलले तेव्हा वळणापलीकडे बसएवढा दगड रस्ता अडवून बसलेला दिसला. त्या क्षणी डोंगरापुढे मी केवढासा आहे, ते मला कळले. दुधाचा टँकर कसाबसा त्याच्या हातभर अलीकडे थांबला. आणि खाली गावात लोक अजून माझे ऊन बघत होते.

पुढचे मला चार दिवसांनी कळले. तारा जोडणारी ताई खांबाखाली काम करत होती, तेव्हा एक गाडी थांबली. आत बापलेक होते. वडिलांचे रक्त शुद्ध करायला मुलगी त्यांना आठवड्यातून तीनदा घाटापलीकडच्या दवाखान्यात नेते. एकही खेप चुकवून चालत नाही.

"त्या दिवशी मी गाडी सुरूसुद्धा केली होती," मुलगी ताईला सांगू लागली. "बाबांना फोन दाखवला, तर म्हणाले, हा फोटो आजचा नाही."

"मग? खांबाची सावली दरीकडे पडलेली," म्हातारबाबा म्हणाले. "सकाळी ती डोंगरावर चढते. हा कठडा बांधताना इथे दोन वर्षं मुकादम होतो मी. सावली बघूनच जेवायची सुट्टी द्यायचो."

"मी म्हटलं, बाबा, सरकारी फोटो खोटा कसा असेल?"

"खोटा नाही गं, शिळा होता."

ते दोघे लांबच्या रस्त्याने गेले. दोन तास उशीर झाला, पण उपचार झाले. मित्रांनो, मी अंधारातही बघू शकतो. तरी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेल्या त्या माणसापुढे माझी मान आदराने खाली गेली.

ताई ओशाळून म्हणाली, "या कॅमेऱ्याने घातच केला असता."

म्हातारबाबांनी वर माझ्याकडे बघितले. "त्याला कशाला बोल लावता? त्याला सगळं दिसत होतं. बिचाऱ्याचं ऐकणारं कुणी नव्हतं."

आता बोधचिन्ह हटले आहे आणि वेळ ठळक दिसते. मित्रांनो, माझी काच पुसत जा, माझी तार जपा, आणि निघण्यापूर्वी चित्रावरची वेळ जरूर बघा. वळणापलीकडचा दगड मला दिसतो, पण मला ओरडता येत नाही.